शेणातला जिवाणू: १६एस जनुकाचं साम्य ९८.५ टक्के, नवी प्रजाती धरायची का?

नवाप्लेटवाला: गाईच्या ताज्या शेणातून न्यूट्रिअंट अगारवर ३७ अंशांना फिकट पिवळी, चिकट कॉलनी आली. ग्रॅम पॉझिटिव्ह, दंडाकृती, स्पोअर (उष्णता सोसणारे बीजाणू) आहेत. १६एस (जिवाणूची ओळख पटवायला वाचतात ते जनुक) सुरुवातीकडून वाचणाऱ्या २७एफ प्रायमरचा एकच रीड (सलग वाचलेला तुकडा), ७८० बेस (डीएनएची अक्षरं). ब्लास्टमध्ये (ज्ञात डीएनएशी जुळवून पाहणाऱ्या शोधात) १२ फरक. मर्यादा ९८.७ ना, त्याखाली नवी प्रजाती? मग संपूर्ण जीनोम वाचायला पाठवू का?

अगारकर_नव्हे: आधी क्रोमॅटोग्राम (रीडचा शिखरांचा आलेख) उघडा. अशा सँगर पद्धतीच्या रीडचे पहिले ३०-४० बेस बहुतेक वेळा कचराच असतात. बारापैकी आठ फरक तिथलेच निघाले, तर छाटल्यावर ७४० मध्ये ४ उरतात. झाले ९९.५ टक्के! शिवाय ९८.७ हा आकडा जवळपास पूर्ण जनुकासाठी आहे. तुमचा रीड सुरुवातीच्या, जास्त बदलणाऱ्या भागाचा, तिथे फरक फुगून दिसतो. १४९२आर प्रायमरने उलट बाजूनेही वाचा, जोडून १४०० च्या वर बेस हवेत. तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी (प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी) करा, 'अनकल्चर्ड' (न वाढवता नुसत्या डीएनएवरून केलेल्या) नोंदींचा उपयोग नाही.

क्रोमॅटोग्राममध्ये एकाच जागी दुहेरी शिखरं दिसली तर कल्चर मिश्र असू शकतं, किंवा एकाच पेशीतल्या १६एसच्या प्रतींत फरक असेल (बॅसिलस सबटिलिसमध्ये १० प्रती असतात). चिकट कॉलनीत दुसरा जिवाणू सहज लपतो. ८० अंशांना १० मिनिटं तापवून भागत नाही, कारण सोबतचाही स्पोअरवाला असला तर तोही वाचतो. डायल्यूट करून पुन्हा पुन्हा स्ट्रीक करा (प्लेटवर रेघा ओढून एकेक कॉलनी सुटी करा).

जीनोमवेडा: उलटंही लक्षात घ्या. बॅसिलस सीरियस गटात १६एस ९९ च्या वर असूनही प्रजाती वेगळ्या आहेत. निकाल जीनोमचाच: जवळच्या प्रत्येक टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली, डिजिटल डीडीएच (संगणकाने काढलेलं डीएनए संकराचं साम्य) ७० च्या खाली. कव्हरेज ५०एक्स (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचलेला) तरी ठेवा. जीनोममधला १६एस सँगरशी जुळला नाही तर भेसळ झाली किंवा नळ्या बदलल्या.

नवाप्लेटवाला: पेशीतल्या फॅटी ॲसिडची तुलना करायला जवळच्या प्रजातीचे छापील आकडे चालतील?

अगारकर_नव्हे: नाही. दोन्ही स्ट्रेन एकाच माध्यमात, एकाच तापमानाला, वाढीच्या एकाच टप्प्यावर काढा. बॅसिलसमध्ये तापमान उतरलं की अँटिआयसो (फांदीदार साखळीची फॅटी ॲसिडं) वाढतात, मग तापमानातला फरक तुम्ही प्रजातीच्या नावावर खपवाल. आणि कल्चर जमा करायचं आत्ताच बघा: वैध नावासाठी दोन वेगळ्या देशांतली दोन संग्रहालयं लागतात. पुण्याचं एनसीएमआर (सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय संग्रह केंद्र) एक झालं. परदेशी पाठवण्याआधी जैवविविधता कायदा, २००२ ची कागदपत्रं उरका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.