बाबांचं डीबीएस करावं का?

मीरा_वारजे:
बाबा ६७ वर्षांचे, पार्किन्सनला ११ वर्षं झाली. सिंडोपा (पार्किन्सनची गोळी) दिवसातून सहा वेळा. गोळी चढली की अंग वेडंवाकडं हलतं, उतरली की खुर्चीतून उठवत नाही. डॉक्टर डीबीएस सुचवतायत, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत तारा घालून छातीत बसवलेल्या यंत्राने हलका करंट द्यायचा. मेंदूत तारा घालणार हे ऐकून आई काल जेवली नाही. कुणाच्या घरी झालंय का?

सिंहगडरोडची_काकू:
मीरा, आमच्या ह्यांचं २०१९ ला झालं. आधी सांग, गोळी चढलेली असताना बाबा नीट चालतात का? ह्यांना रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी तपासलं, मग गोळी देऊन पुन्हा. गोळीने जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी कमी होऊ शकतो. तोल, बोलणं, विसरणं यासाठी करू नका. ह्यांचं बोलणं तर थोडं बिघडलंच.

ऑपरेशनला ते जागे होते. हाताची मूठ उघड-मीट करायची, वार उलटे म्हणायचे. "गुरुवारपाशी आलो आणि उजवा हात गप्प झाला," असं अजून सांगतात.

घरी आल्यावर आठ दिवस छान गेले, यंत्र चालूसुद्धा केलेलं नव्हतं. मग कंप परत आला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले गं. तारा घालताना आलेल्या सुजेमुळे आधी बरं वाटतं, हे तेव्हा कळलं. महिन्याने यंत्र चालू केलं, पुढे सहा महिने सेटिंगच्या फेऱ्या. एकदा करंट वाढवल्यावर तोंड एका बाजूला ओढलं गेलं, लगेच कमी केला. आता गोळ्या निम्म्या आहेत आणि बशीतला चहा न सांडता पितात.

एक मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेव. खांदा आखडला म्हणून गेलो तर तिथे डायथर्मी (आतून उष्णता देणारा मशीनचा शेक) लावायला घेतली. मी मशीनच धरलं. डीबीएस असलेल्याला ती कधीच चालत नाही, उष्णता तारेतून मेंदूत जाते. एमआरआयच्या आधीही यंत्राचं कार्ड दाखवायचं.

निनाद_के:
माझ्या भावाला तीव्र ओसीडी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) आहे, म्हणून मीही वाचतोय. अमेरिकेत २००९ पासून त्यासाठी डीबीएसला मर्यादित मुभा आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजारासाठी अशी शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात. घरच्यांनी ठरवून चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

मीरा_वारजे:
काकू, गोळी चढली की बाबा सोसायटीला दोन फेऱ्या मारतात! आईला सगळं वाचून दाखवलं. बॅटरी किती टिकते?

सिंहगडरोडची_काकू:
आमची साधी होती, चार वर्षांनी बदलली. छातीपाशीच छेद, डोक्याला हात लावत नाहीत. चार्जिंगची बरीच जास्त टिकते, पण चार्जिंग नेमाने करावं लागतं. ते कोण करणार, हे आईला विचारून ठरवा.