डेलिगेट म्हणजे "प्रतिनिधी"च का? (टेक्सासच्या प्रायमरीवरून)

बोरूबहाद्दर:
२००८ मधली एक बातमी चाळत होतो, त्यात वाक्य आहे की "टेक्सासमध्ये हिलरी क्लिंटन जिंकल्या, मात्र प्रतिनिधी ओबामांना जास्त मिळाले". आता जिंकलं कोण? आणि प्रतिनिधी "मिळतात" म्हणजे काय, आपल्याकडे प्रतिनिधी निवडून येतो, मिळतो तो वाटा नाहीतर मार. रिप्रेझेंटेटिव्हला पण प्रतिनिधी आणि डेलिगेटला पण प्रतिनिधी म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं हे तिथले आमदार-खासदारच असणार. दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

डॅलसचा रहिवासी:
आमदार-खासदार नाहीत हो. पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन असतं (२००८ ला डेमोक्रॅट्सचं ऑगस्टमध्ये डेन्व्हरला झालं), तिथे जाऊन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण यावर मत देणारा माणूस म्हणजे डेलिगेट. बहुतेक ठिकाणी लोक बटण दाबतात ते ओबामा किंवा क्लिंटनच्या नावावर, डेलिगेटला बघून नाही, आणि त्या मतांच्या हिशोबात उमेदवाराच्या वाट्याला जागा येतात. म्हणून "मिळाले" बरोबरच आहे, "निवडून आले" लिहिलं असतं तर चुकलं असतं.

आणि ते वाक्यही खरंय. टेक्सासला डेमोक्रॅट्सची तेव्हा "टू-स्टेप" पद्धत होती, नाव तिथल्या नाचावरून आलंय. उमेदवाराशी जोडलेल्या १९३ जागा, त्यातल्या १२६ प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) मतदानावर आणि ६७ कॉकसवर, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभेवर. ४ मार्चला दिवसभर मतदान झालं आणि मतदान संपल्यावर संध्याकाळी सव्वासातनंतर त्याच लोकांनी परत यायचं, सभेत सही करून सांगायचं मी कुणाचा, म्हणजे एकाच माणसाचं म्हणणं दोनदा मोजलं जायचं (दिवसा मत दिलं असेल तरच संध्याकाळी प्रवेश). मतदानात हिलरी साधारण ५०.९-४७.४ नी पुढे, तिथे जागा ६५-६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, हिलरी २९. बेरीज करा, ओबामा ९९ हिलरी ९४.

वांगंभरीत:
साडेतीन टक्क्यांनी पुढे आणि १२६ मधल्या फक्त ४ जागा जास्त? हे कुठलं गणित?

डॅलसचा रहिवासी:
राज्याची एकच बेरीज करून वाटत नाहीत ना. त्या १२६ जागा राज्याच्या सिनेटच्या ३१ मतदारसंघांत आधीच वाटून ठेवलेल्या, आणि कुठल्या मतदारसंघाला किती ते आधीच्या निवडणुकांत तिथे पक्षाला किती मतं पडली त्यावरून. ऑस्टिनच्या मतदारसंघाला ८, मेक्सिकोच्या सीमेकडे जिथे हिलरींचा जोर होता तिथे ३ किंवा ४. आता ४ जागांच्या ठिकाणी दोघांतच लढत असेल तर ५५ टक्के घ्या की ६२ टक्के घ्या, वाटणी २-२ च. साडेबासष्टच्या वर गेलं तरच ३-१. उलट ३ जागा असतील तर ५१ टक्क्यांतही २-१ होतं. त्यामुळे किती मतांनी जिंकलात याच्याइतकंच कुठे जिंकलात याला महत्त्व, आणि सम आकड्याचा मतदारसंघ म्हणजे प्रचाराचा पैसा पाण्यात. ही टू-स्टेप आता बंद झाली, २०१६ पासून फक्त प्रायमरी.

शुद्धलेखन_नको:
प्रायमरीला काही पेपर "प्राथमिक निवडणूक" लिहितात ते वाचून मला झेडपीची शाळाच आठवते. "पक्षांतर्गत निवडणूक" म्हणा की सरळ.

डॅलसचा रहिवासी:
टेक्सासला तेही पुरतं बसत नाही. इथे मतदार नोंदणी करताना पक्ष लिहायचाच नसतो, मतदानाच्या दिवशी कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, कुणीही कुठलीही मागावी. एकदा एका पक्षाची घेतली की त्या वर्षी दुसऱ्याच्या रनऑफला (फेरलढतीला) मात्र मत देता येत नाही. म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, पण मतदार पक्षाचा सदस्य असलाच पाहिजे असं नाही. मी "प्रायमरी"च लिहितो.

आजोळकोकण:
डेलिगेट शब्द आपल्याला नवा नाही बरं का. काँग्रेसवाले प्रदेश काँग्रेसचे डेलिगेट असंच म्हणत आलेत, २०२२ ला पक्षाध्यक्षपदाच्या खर्गे-थरूर निवडणुकीत मतं त्यांचीच होती, खर्गेंना ७८९७ आणि थरूरांना १०७२. फरक एवढाच की तिथे डेलिगेट स्वतःच्या मनानी आणि गुप्त मत देतो, अमेरिकेतला आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. अधिवेशन शब्द आपल्याकडे पक्का रुळलेला आहे, तर "अधिवेशन-प्रतिनिधी" चालेल.

बोरूबहाद्दर:
हा आवडला. लांब आहे पण आमदार-खासदारांचा घोळ तरी जातो. इलेक्टोरल कॉलेजवाले ते वेगळे ना?

आजोळकोकण:
पूर्ण वेगळे. ते नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीनंतर राष्ट्राध्यक्षासाठी मत देतात, त्यांना "मतदारमंडळाचे सदस्य" म्हणतात तेच ठीक. इथे आणू नका त्यांना.

वांगंभरीत:
आणि रिपब्लिकन? त्यांचं पण असंच प्रमाणात वाटप?

डॅलसचा रहिवासी:
नाही, त्यांच्यात जिंकणाऱ्याला झुकतं माप. २०१६ ला टेक्सासला १५५ जागा होत्या, त्यातल्या १०८ अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) ३६ मतदारसंघांना प्रत्येकी ३. मतदारसंघात कुणी ५० टक्के ओलांडले तर तिन्ही त्याच्या, नाहीतर साधारणपणे पहिल्याला २ आणि दुसऱ्याला १. क्रूझना राज्यात ४४ टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा १०४, ट्रम्पना ४८, रुबिओंना ३. म्हणून तिथे "वाटप" शब्द लिहिताना जरा जपून, समान वाटप झाल्यासारखं वाटतं.

शुद्धलेखन_नको:
"प्लेज्ड" आणि "बाउंड" दोन्हीला लोक "बांधील" लिहितात, ते चालतं का?

आजोळकोकण:
मी वेगळे ठेवीन. डेमोक्रॅट्सचा प्लेज्ड डेलिगेट म्हणजे ज्यांनी निवडलं त्यांच्या भावनेला धरून सद्सद्विवेकानी मत द्यावं असा नियम, दोरखंड नाही, तो "वचनबद्ध". रिपब्लिकनांचा बाउंड, त्यानी अधिवेशनात दुसरंच नाव घेतलं तरी मोजताना ते धरत नाहीत, तो खरा "बांधील". सुपरडेलिगेट, म्हणजे डेमोक्रॅट्सचा पदामुळेच डेलिगेट झालेला नेता, यातल्या कशातच नाही, त्याला कुणी "महाप्रतिनिधी" करू नका प्लीज.