मुंबईत माठातले पाणी गार होत नाही : कोणता माठ घ्यावा?

वैदर्भी :
नमस्कार. माझे बालपण नागपुरात गेले. तिथे मे महिन्याच्या भर दुपारी माठातल्या पाण्याच्या घोटाघोटाला जीव निवत असे. मुंबईत आल्यापासून मी दोन माठ घेतले, एक लाल आणि एक काळा. परंतु दोन्हींतले पाणी नळाच्या पाण्याहून जेमतेम गार लागते. सासूबाईंना फ्रिजचे पाणी सोसत नाही, त्यामुळे माठ सोडायचा नाही. कोणता माठ घ्यावा, तो कुठे ठेवावा आणि मुळात हा फरक का पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सांजवारा :
वैदर्भीताई, तुमचे माठ बहुधा चांगलेच असावेत. फरक हवेचा आहे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरून माठाच्या बाहेरच्या अंगाला येते, तिथे त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढली जाते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, म्हणजे १० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला हिशेबाने पाऊण पेल्याएवढे पाणी उडून गेले तरी पुरते. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने थोडे अधिक लागते.

मात्र हवेत आधीच बाष्प असेल, तर ही वाफ होणे मंदावते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर पारा जिथे थांबेल त्याच्या खाली माठातले पाणी जाऊ शकत नाही. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के, अशा नागपुरी दुपारी ही मर्यादा २२ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर ती सुमारे २९ अंश असते. तिथे जगातला उत्तम माठही चार अंशांपलीकडे फारसे काही देऊ शकणार नाही.

घडवणूक :
वरील विवेचन अचूक आहे, पण ते चार अंश तरी पदरात पाडून घेता येतात. रंगावर जाऊ नका. भट्टीत हवा कोंडून भाजले की भांडे काळे होते, मोकळ्या हवेत भाजले की लाल. पाहायचे ते झिरपणे. बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेला माठ अजिबात घेऊ नये, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. मी तुम्हाला मोठ्या माठाऐवजी दोन लहान सुरया सुचवेन, कारण लहान भांड्यात पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो. त्या ओट्याच्या कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या वाऱ्यात, पण सावलीत, तिवईवर ठेवाव्यात, म्हणजे बूडही मोकळे राहते. पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बाहेर धरू लागला की काथ्याने, साबण न लावता, घासून काढावा.

पानवठा :
इतिहासातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरत असल्याचे वर्णन अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. पाण्याने भरलेली, तोंड बंद केलेली सुरई सोरा मिसळलेल्या पाण्यात फिरवत ठेवत. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, आणि त्याचा हवेतल्या बाष्पाशी संबंध नसल्यामुळे ही युक्ती दमट दिवसातही चालते. ज्या सोऱ्याची बंदुकीची दारू होते, त्यानेच पाणी निववावे, याचे मला फार अप्रूप वाटते. घरी मात्र हा प्रयोग पिण्याच्या पाण्याजवळ करू नये.

वैदर्भी :
सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी मुलीसोबत ओल्या फडक्याचा प्रयोग केला; खिडकीत पारा २८ वर थांबला आणि स्वयंपाकघरातल्या माठातले पाणी ३० अंश भरले. म्हणजे दोन अंश केवळ जागेमुळे हातचे जात होते. माठ आजच तिवईसह खिडकीत हलवला आहे. सुरया रविवारी आणीन.