मदत हवी आहे: दिव्यांगांच्या मागण्या उमेदवारांकडून लेखी कशा घ्यायच्या? (नागपूर मनपा)

नमस्कार मंडळी, आम्ही मानेवाडा भागातले सात जण आहोत, दोघं व्हीलचेअरवर, दोन कर्णबधिर, बाकी आम्ही घरचे. मनपा निवडणुकीच्या प्रचारात सगळे दारावर येऊन राहिले पण दिव्यांगांचा विषय काढला की "पेन्शनचं बघू ना ताई" एवढंच म्हणतात. पेन्शन मनपाकडे नाहीच, आम्हाला हवंय ते वेगळं, म्हणजे मनपाने दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी आमच्या प्रभागात कुठे खर्च होतो, फुटपाथवरून चाक जाईल असा उतार, आणि मतदान केंद्रावर नीट रॅम्प. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ११ मध्ये केंद्रं सुगम असावीत असं स्पष्ट आहे, तरी मागच्या वेळी माझ्या भावाला खुर्चीसकट चौघांनी उचलून नेलं. ते पुन्हा नको, फार लागतं मनाला.

आतापर्यंत तीन उमेदवारांना निवेदन दिलं, फोटो काढले, पुढे काही नाही. निधीसाठी माहिती अधिकारात अर्ज केला तर फक्त एकूण आकडा आला, प्रभागनिहाय नाही.

आता प्रभागातल्या सगळ्याच उमेदवारांना एका हॉलमध्ये बोलवायचा विचार आहे. कोणत्याच पक्षाचा बॅनर किंवा पैसा घेणार नाही, सांकेतिक भाषेचे दुभाषी मात्र हवेतच.

कोणी असं केलंय का? आचारसंहितेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची परवानगी लागते का, खर्च उमेदवारांच्या खात्यात धरतात का, आणि सहीचं वचनपत्र घ्यायचं तर त्यात नेमकं काय लिहावं की नंतर पलटता येणार नाही?