नाशिकमध्ये पहिली माउंटन बाइक: हार्डटेलच घ्यावी का?

मुरूमवाट:
दिवाळीपासून ओळखीतल्या तिघांनी मला पहिली माउंटन बाइक कोणती घ्यावी असे विचारले, आणि तिघेही मागच्या चाकापाशी जाडजूड स्प्रिंग असलेल्या सायकलींची छायाचित्रे घेऊन आले होते. माझे मत असे आहे की नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्याने हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घ्यावी. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, 100 ते 120 मिलिमीटर दबणारा असला की पुरे. एन्ड्युरो आणि डाउनहिल या अवघड डोंगरउतारांच्या शर्यतींच्या सायकली. एन्ड्युरोचा फोर्क साधारण 150 ते 170 आणि डाउनहिलचा 200 मिलिमीटरच्या आसपास दबतो, पण त्या सायकली ज्या उतारांसाठी घडवतात, तसे उतार गंगापूर धरणाच्या आसपासच्या मुरमाड वाटांवर नवशिक्याला भेटत नाहीत. कमी किमतीच्या सायकलीत मागे बहुधा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारी यंत्रणा नसते. त्यामुळे चढावर प्रत्येक पायडलला सायकल डुलते आणि पायातली ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्येच मुरते.

(अंजनेरीचे पठार मी यात मुद्दाम धरलेले नाही. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि तिथल्या दुर्मिळ वनस्पतींवरून चाके नेण्याचे काही कारण नाही.)

गोदाकाठ:
मागच्या स्प्रिंगविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, पण तुम्ही पुढचा फोर्क तरी गृहीत का धरता? नवशिका आठवड्यातले पाच दिवस गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरून जाणार, रविवारी फार तर त्र्यंबकेश्वरला. तो रस्ता जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचा आणि डांबरी आहे. खडबडीत नक्षीचे रुंद टायर त्या रस्त्यावर घरघर करतात आणि दम काढतात. या शहराची सायकलिंगमधली ओळखही डांबरी रस्त्यावरचीच आहे. 2015 मध्ये महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, ती रोड बाइकवर. शिवाय 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत जे तरुण डोंगरउतारावर शर्यती लावत, त्यांच्या जुन्या जड सायकलींना पुढे ना मागे कसलेच सस्पेन्शन नव्हते. मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळे आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. साधा, न दबणारा फोर्क असलेली हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या ब्रेकवर घालावेत.

मुरूमवाट:
रीपॅकचा दाखला छान आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. त्या मंडळींना ती अवजारे पुरली नाहीत म्हणूनच पुढे माउंटन बाइक घडली. टायरचा प्रश्न मात्र सोपा आहे. हायब्रिडचे 700 सी चाक आणि माउंटन बाइकचे 29 इंची चाक यांच्या रिमचा टायर बसण्याच्या जागी मोजलेला व्यास एकच, 622 मिलिमीटर, असतो. त्यामुळे 29 इंची हार्डटेलला रिमची रुंदी पाहून गुळगुळीत, अरुंद टायर चढवता येतात आणि फोर्कला लॉकआउट, म्हणजे त्याचे दबणे बंद करणारी कळ, असेल तर डांबरी रस्त्यावर तो जवळजवळ घट्ट करता येतो. उलटा प्रवास होत नाही: हायब्रिडच्या फ्रेममध्ये सव्वादोन इंची टायर सहसा मावतच नाही.

सिन्नरची वाट:
आपण दोघेही तिशीतल्या पाठीचा विचार करत आहात असे वाटते. मी 51 व्या वर्षी सायकल सुरू केली, एका दुकानदाराने सुचवलेली हार्डटेल घेतली, आणि कालव्याकडेच्या खडीवर तासभर चालवली की दोन दिवस कंबर धरून बसत होते. मग भाच्याची 120 मिलिमीटरची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, सायकल महिनाभर वापरली आणि तोच रस्ता सुसह्य झाला. ती महाग आहे हे खरे, पण स्वस्त सायकल घरात धूळ खात उभी राहिली तर ती स्वस्त कशी? वय आणि पाठ पाहिल्याशिवाय ‘नवशिक्याने हेच घ्यावे’ असे सरसकट सांगू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

चाकदुरुस्त:
मी सायकली दुरुस्त करतो, म्हणून दुकानात कोणी सांगत नाही ते लिहितो. फुल सस्पेन्शनच्या सांध्यांमध्ये बेअरिंग असतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्यांत शिरला की ते काम खर्चिक होते. ताई, हे हिशेबात धरा. पण ज्यांना हार्डटेल घ्यायची आहे त्यांनी मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, सरकवून बसवलेली दातेरी चक्रे (कॅसेट) आहेत की आट्यांवर फिरवून बसवलेले जुन्या पद्धतीचे सात गिअरचे फ्रीव्हील, हे आधी विचारावे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग आतल्या बाजूला राहते, आसाचा बराच भाग आधाराविना उरतो आणि दगडांवर आपटून तो वाकतो. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर आणि त्यात सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारे द्रव, हाच इलाज मला पटलेला आहे. आणि हवेचा दाब! माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नव्या सायकलींत 50 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा ठासलेली असते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला रुंद टायरमध्ये ट्यूबसह 30 च्या आसपास पुरते. कंबरदुखी कधी कधी तिथूनच सुरू होते.

मुरूमवाट:
ताई, ‘सरसकट’ हा आक्षेप मला मान्य आहे. वयाचा मुद्दा मी लिहायला हवा होता. तरीही ती हार्डटेल तुमच्या मापाची होती का, हे मला विचारावेसे वाटते. फ्रेम मोठी असेल तर हँडलपर्यंत ओणवे व्हावे लागते आणि धक्के थेट कमरेत जातात.

सिन्नरची वाट:
माप दुकानदाराने नुसते बघून ठरवले होते, आणि हवा किती होती हे मी कधी तपासलेच नाही. ती सायकल अजून घरी आहे. शनिवारी 30 पीएसआय ठेवून त्याच कालव्यावर नेते, म्हणजे भाच्याच्या सायकलीशी खरी तुलना होईल. तूर्त माझे मत फुल सस्पेन्शनच्याच बाजूने आहे.

गोदाकाठ:
तोच कालवा हायब्रिडवरून करायला मीही येतो. चाळीस मिलिमीटरचे टायर आहेत. फुटले तर चाकदुरुस्तांकडे येईन.