वर्स्लीच्या कालव्याचे पाणी गेरूच्या रंगाचे का?

रानवाट:
मँचेस्टरच्या पश्चिमेस वर्स्ली नावाचे गाव असून ब्रिजवॉटर कालवा तेथून जातो. गावाजवळ कालव्याचे पाणी तांबूस नारिंगी दिसते आणि काठाच्या दगडांवरही त्याच रंगाचा थर बसलेला आहे. स्थानिक लोक ‘खडकातले लोखंड’ एवढेच सांगतात. मी मूळचा सिंधुदुर्गाचा, त्यामुळे पावसाळ्यातली लाल नदी मला नवी नाही. परंतु ती पाऊस ओसरल्यावर निवळते, येथे मात्र कोरड्या हवेतही रंग टिकून राहतो. शिवाय कडेला तेलकट तवंग दिसतो. हे कारखान्याचे सांडपाणी तर नव्हे ना?

भूजलमित्र:
स्थानिकांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. आपल्या कोकणातील नदी लाल होते ती जांभ्याची माती पाण्यात तरंगत असल्यामुळे. तो गढूळपणा आहे. वर्स्लीला लोह पाण्यात विरघळून येते. कोळशाच्या थरांत व त्यांच्या लगतच्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, असते. जमिनीखाली हवेपासून दूर असेतोवर ते जवळजवळ निष्क्रिय राहते. खाण खणली, हवा व पाणी आत शिरले, की त्याचे अपघटन होऊन लोह आणि सल्फेट पाण्यात उतरतात. असे पाणी उगमापाशी बहुधा स्वच्छच दिसते. उघड्यावर आल्यावर प्राणवायूशी संयोग होऊन विरघळलेल्या लोहाचे न विरघळणारे संयुग बनते आणि ते गेरूसारखा साका होऊन तळाशी व काठावर बसते. कोकणातील काही बोअरवेलचे पाणी उपसताना नितळ असते आणि बादलीत रात्रभर ठेवल्यावर पिवळे पडते, तेही याच कारणाने.

तवंगाची परीक्षा सोपी आहे. त्याला काडीने डिवचावे. तो पापुद्र्यासारखा तडकून तुकडे वेगळेच राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा असण्याची शक्यता अधिक. पुन्हा एकत्र आला तर तेल समजावे.

जुनेपाने:
यास इतिहासाची जोड देतो. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी हा कालवा बांधला गेला व १७६१ मध्ये तो सुरू झाला. वर्स्लीच्या जुन्या दगडखाणीतून, ज्या जागेला ‘डेल्फ’ म्हणतात, भूमिगत कालवे थेट कोळशाच्या थरांपर्यंत नेलेले होते. वाढत वाढत त्यांची लांबी सुमारे ७५ किलोमीटर झाली. त्यातून नावा कोळसा घेऊन बाहेर येत आणि खाणीत साचणारे पाणीही त्याच वाटेने निघून वरच्या कालव्याला मिळे. खाणीचा निचरा आणि कालव्याचा पुरवठा, दोन्ही एकाच खर्चात! त्या काटकसरीचे मला कौतुकच वाटते, पण आजचा रंगही त्याच योजनेतून आला आहे.

रानवाट:
आभारी आहे. मग स्टॅफर्डशायरमधील हेअरकॅसल या कालव्याच्या बोगद्याजवळचे तांबूस पाणी हाही खाणींचाच परिणाम मानावा का?

भूजलमित्र:
तेथे नैसर्गिक झिरपण आणि खाणी, ही दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली आहेत. १७७७ चा ब्रिंडली या अभियंत्याचा आणि १८२७ चा टेलफर्ड या अभियंत्याचा, असे दोन्ही बोगदे ज्या टेकडीतून जातात तिच्यात कोळशाबरोबर लोहखनिजाचेही थर आहेत, आणि जुन्या बोगद्यातून खाणींकडे जाणारे फाटेही काढलेले होते. म्हणून तेथील रंग केवळ नैसर्गिक झिरपणीचा म्हणणे मला पटत नाही. उपाय मात्र दोन्हीकडे सारखाच पडतो: पाणी कालव्यात सोडण्यापूर्वी पायऱ्यांवरून खळखळत नेऊन त्यात हवा मिसळू द्यावी, साका तळ्यात बसू द्यावा आणि उरलेले लोह बोरूच्या बेटांतून गाळून घ्यावे. तळ्यातला गाळ ठरावीक काळाने उपसावा लागतो, आणि खाण बंद होऊन कितीही वर्षे लोटली तरी पाणी झिरपत असेपर्यंत हा खर्च चालूच राहतो.