बाळंतविड्याचं मलमल घरी रंगवायचंय, रंग टिकेल असा उपाय सांगा

खानापूरची_सून:
जाऊबाईंना सातवा लागलाय. बाळंतविडा घरीच शिवतेय. मलमलची दुपटी, टोपडी, एक कुंची आणि सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची वाकळ. पांढरं मलमल बेळगावातून आणलं, रंगाची पुडीही तिथलीच. मीठ घालून उकळलं, गुलाबी छान चढला, पण कितीही धुतलं तरी बादली गुलाबीच. सासूबाई म्हणतात हळदीत बुडव, जंतूही मरतात. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. काय करू?

शहापूरची_काकू:
अगं, ती पुडी म्हणजे बहुतेक डायरेक्ट रंग. मिठाच्या उकळत्या पाण्यात चढतो आणि धुताना थोडाथोडा उतरत राहतो. ओढणीला चालून जाईल, पण बाळ दुपट्याचं टोक दिवसभर चघळतं. त्या गुलाबी कापडाची पिशवी शिव.

हळदीवरून सासूबाईंना दुखवू नकोस, पण ऐकूही नकोस. हळद उन्हात विटते आणि साबणाचा सोडा लागला की कुंकू सांडल्यासारखे लाल डाग पडतात. दुपट्याला रोज साबण लागणार, मग हळद कशाला? पाचवीच्या पूजेपुरता एक रुमाल हळदीत रंगवून त्यांच्या हातात दे, विषय मिटला.

माझं ऐकशील तर डाळिंबाची सालं, पिवळा रंग येतो. ज्यूसवाला फुकट देतो, उलट कचरा गेला म्हणून खूश होतो. पण आधी मलमलची खळ काढ, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळ, पिवळट पाणी निघेल ते ओतून दे. मग हिरडा. तुमच्या खानापूरच्या रानातला हिरडा आम्ही विकत घेतो आणि तू मला विचारतेस! सुतावर तुरटी एकटी नीट धरत नाही, हिरड्याचा तुरटपणा आधी लागतो. १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम हिरडापूड, त्यात रात्रभर. सकाळी नुसतं पिळायचं, धुवायचं नाही, आणि १५ ते २० ग्रॅम तुरटी विरघळलेल्या कोमट पाण्यात टाकायचं. वाळलेली सालं कापडाच्या वजनाइतकी घे, रात्री भिजव, तासभर मंद आचेवर उकळून गाळ आणि त्या पाण्यात कापड सोड. भांडं स्टीलचं, आणि त्यात पुन्हा आमटी करायची नाही.

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पिवळा मातकट, काळपट होतो. पावसाळा आहेच, पागोळीचं पाणी धर की. पहिल्या सरींनी कौलं धुऊन निघू देत, मग पिंप लाव.

गुलाबीच हवा असेल तर मंजिष्ठा, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिला उकळी फोडायची नाही. हात घालवणार नाही इतकं गरम, बास. उकळलीस की तपकिरीकडे गेली.

आणि रंग पक्का व्हायला मोरचूद घाल असं कुणी सांगेल. विषारी असतं ते. बाळाच्या कपड्याला अजिबात नको.

वडगावकर:
काकू, रिॲक्टिव्ह रंगाचं नाव तरी घ्या! त्याला चूल लागत नाही, साधं पाणी, मीठ आणि सोडा ॲश. रंग धाग्याशी रासायनिक जोडला जातो. जो जोडला नाही तेवढा मात्र काढावा लागतो, आधी गार पाण्यात, शेवटी कढत साबणपाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत. लोक इथेच कंटाळा करतात. पूड छातीत गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो, म्हणून तोंडाला मास्क, आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. लोकरीच्या टोपड्याला हे चालत नाही, सोड्यानं लोकर खराब होते.

निपाणीची_आत्या:
बोरन्हाणाचं काळं झबलंही घरी रंगवता येईल का?

शहापूरची_काकू:
काळं विकतचं घ्या, आत्या. हिरडा आणि हिराकस घालून काळं होतं, पण त्यातल्या लोहानं मलमल विरतं आणि पुढे हातानं फाटतं. विकतचं घेतलंत तरी ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा. रुमाल काळा झाला तर हलव्याच्या दागिन्यांसकट बाळही काळं!

वडगावकरांचं बरोबर आहे, धुवायचा धीर असेल तर ते रंग चांगलेच.

सूनबाई, एक राहिलं. तयार दुपटी ट्रंकेत ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकू नकोस. काही बाळांत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं रक्तपेशींतलं एन्झाइम कमी असतं. अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांमुळे फुटतात आणि कावीळ वाढते. आम्ही वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो आणि वापरायच्या आधी एकदा धुतो.

खानापूरची_सून:
खळ पूर्ण गेली हे कसं कळायचं?

शहापूरची_काकू:
वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाक. लगेच जिरला तर गेली. वर तरंगत बसला तर पुन्हा सोड्यात उकळ.